बुडीत खात्याची तरतूद

नैतिक प्रश्न माणसाला बहुधा पोट भरल्यावर पडतात. सकाळी नऊ वीसच्या लोकलला लोंबकळताना ‘मी कोण, कुठून आलो, कुठे जाणार’ असले प्रश्न कुणाला पडल्याचं ऐकिवात नाही. कुठे जाणार ते पासावर लिहिलेलंच असतं. बँकेच्या काउंटरवर तर नैतिक प्रश्नाला टेकायला स्टूलसुद्धा नसतं. तिथे प्रश्न एकच : संध्याकाळी कॅश जुळली की नाही? जुळली की आपण पुण्यवान, नाही जुळली की पापी. पापपुण्याचा इतका चोख हिशेब ज्याला रोजच्या रोज मिळतो, त्या बी.कॉम. झालेल्या माणसाने तत्त्वज्ञानाच्या वाटेला कशाला जावं?

पण सुटीचा दिवस असावा, दुपारच्या जेवणात श्रीखंड असावं, त्यावर दोन तास झोप झालेली असावी आणि संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादा जुना चित्रपट लावावा, की प्रश्न आपल्याला बरोबर गाठतो. मला यंदाच्या गुड फ्रायडेला गाठलं ते या प्रश्नाने : शत्रू बुडाला की टाळी वाजवावी की वाजवू नये?

चित्रपट होता ‘दि टेन कमांडमेंट्स’. सेसिल बी. डिमिल या दिग्दर्शकाने १९५६ साली काढलेला. लांबी तीन तास चाळीस मिनिटं. तेवढ्यात मुंबईहून पुण्याला जाऊन, हातपाय धुऊन चहासुद्धा होतो. मोझेस झालाय चार्लटन हेस्टन आणि फारो रामेसिस झालाय युल ब्रायनर. टक्कल हे वैगुण्य नसून अलंकार आहे, हे जगाला पटवून देणारा हाच तो महापुरुष. अलीकडे मी त्याचा फार आदर करू लागलो आहे. टोपलीत घालून नाईल नदीत सोडलेला तान्हा मोझेस हा हेस्टनचा खराखुरा मुलगा. तेव्हा घराणेशाही फक्त आपल्याच सिनेमात आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत १९७३ सालापासून हा चित्रपट जवळजवळ दर वर्षी ईस्टरच्या सुमारास टीव्हीवर दाखवत आले आहेत. आपल्याकडे दिवाळीला चकली, तसा त्यांच्याकडे मोझेस.

आमच्या घरात मात्र तो आला १९८८ साली, आणि आला तो आडवाटेने. गणपतीत सगळ्या बिल्डिंगने वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. तीन चित्रपट ठरले. आमच्या आजीने अट घातली की तिघांतला एक तरी धार्मिक पाहिजे, नाहीतर गणपतीसमोर हा तमाशा चालायचा नाही. वडील व्हिडिओ लायब्ररीत गेले. ‘जय संतोषी माँ’ बाहेर गेली होती. लायब्ररीवाल्या पोराने खालून दोन कॅसेट काढल्या, त्यांच्यावरची धूळ शर्टाने पुसली आणि म्हणाला, “काका, याच्यापेक्षा धार्मिक माझ्याकडे नाही. भाडं मात्र डबल. देव दोन कॅसेटमध्ये आहे.”

चित्रपट इंग्रजी. भाषांतराचं काम वडिलांकडे. ते निम्मं ऐकून सांगत आणि निम्मं मनाने सांगत. पण आजीला त्यांची गरजच पडली नाही. इजिप्तच्या राजाने हिब्रू गुलामांची जन्मलेली मुलं मारायचा हुकूम सोडला तेव्हा आजी म्हणाली, “कंस!” बाळ टोपलीतून नदीत सोडलं तेव्हा म्हणाली, “कर्ण!” यावर तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं पडलं की कंस असेल तर हा कृष्ण पाहिजे, कर्ण कसा? त्या वादात मोझेस तीस वर्षांचा झाला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. फारोचं नाव रामेसिस आहे हे कळल्यावर आजीने त्याच्याकडे नीट पाहून निकाल दिला, “नावात राम आहे, माणसात नाही.” पुढे मोझेसने देवाच्या आज्ञांच्या शिळा फेकून सोन्याच्या वासराचे तुकडे केले, तेव्हा मात्र ती खरोखर दुखावली. वसुबारसेला गाय-वासरू पुजणारी बाई ती. वासराची ही गत तिला बघवेना, आणि सोन्याची तर त्याहून बघवेना. “सोनं मोडतात रे, फोडत नाहीत,” ती म्हणाली.

पण या सगळ्याच्या मध्ये एक जागा अशी आली की आजी गप्प झाली. फारो गुलामांना सोडत नाही म्हणून त्याच्या राज्यावर एकामागून एक संकटं येतात. नदीचं रक्त होतं, आगीच्या गारा पडतात. शेवटी एका रात्री हिरवट धुकं गल्लीबोळांतून सरपटत येतं आणि इजिप्तमधल्या प्रत्येक घरातला थोरला मुलगा मरतो. राजाचाही. तो दगडी चेहऱ्याचा रामेसिस आपल्या पोराचं कलेवर उचलतो, आपल्या देवाच्या मूर्तीच्या हातांवर ठेवतो आणि विनवणी करतो. देव दगडाचाच असतो.

“त्या पोरानं कुणाचं काय केलं होतं?” आजीने विचारलं.

“अगं आई, त्याचा बाप दुष्ट होता.”

“मग बापाला मार म्हणावं.”

याचं भाषांतर वडिलांकडे नव्हतं.

त्यानंतर आला तो समुद्र. ज्याच्यासाठी हा चित्रपट जगभर लोकांनी पाहिला तो प्रसंग. मोझेस हात पसरतो, पाणी दुभंगतं, दोन्हीकडे भिंती उभ्या राहतात आणि मधल्या कोरड्या वाटेने म्हातारे, बायका, पोरं, शेळ्या, कोंबड्या पलीकडे जातात. मागून फारोचे रथ घुसतात, आणि पाणी मिटतं. सगळ्या बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. खरं तर यात पाणी दुभंगवलेलं नसून स्टुडिओतल्या भल्या मोठ्या टाक्यांत ओतलेलं होतं आणि ते चित्रण उलटं फिरवलं होतं. चित्रपटाला सात ऑस्कर नामांकनं मिळाली, पण बाहुली मिळाली ती याच करामतींना. डिमिलने याच नावाचा मूकपट १९२३ साली काढला होता, तेव्हा तर जेलीच्या लाद्या वितळवून ते चित्रण उलटं दाखवलं होतं. म्हणजे मुलांच्या वाढदिवसाला डिशमध्ये जी थरथरते, त्या जेलीतून एक अख्खं राष्ट्र पार झालं.

यंदा हे सगळं पुन्हा पाहिलं. आता व्हीसीआर नाही, कॅसेट नाही, आजीही भिंतीवर फोटोत. वडील पंच्याहत्तरीत आहेत. खाली अक्षरं उमटत असतानाही ते भाषांतर करतात आणि खालची अक्षरं चुकीची आहेत असं सांगतात. बाजूला आमची सौभाग्यवती आणि दहा वर्षांची कन्या.

या खेपेला रामेसिस मला फार ओळखीचा वाटला. गुलाम कुरकुर करतात म्हणून तो हुकूम काढतो की विटांसाठी लागणारं गवत यापुढे सरकारातून मिळणार नाही, विटांची संख्या मात्र कमी होता कामा नये. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तीन माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, टार्गेट तेच. आमचं गवत कधीच बंद झालंय. विटा चालू आहेत.

त्याहून मजेची भानगड मूळ ग्रंथात आहे. चित्रपटात फारोचं मन कठोर करते ती त्याची राणी. बायबलमध्ये काही ठिकाणी फारो स्वतःच मन कठोर करतो, आणि काही ठिकाणी ते देवच कठोर करतो असं लिहिलं आहे. आता हा काय न्याय झाला? वरिष्ठ कार्यालयाने शाखेला कळवायचं की अमक्याचं कर्ज मंजूर करू नका, आणि महिन्याने शाखेलाच विचारायचं की का मंजूर केलं नाहीत, लेखी खुलासा द्या! यावर पंडितांनी शेकडो वर्षं काथ्या कुटला आहे. कुणी म्हणतात, माणसाने पुन्हा पुन्हा नाही म्हटलं की पुढे पुढे हो म्हणायची ताकदच त्याच्यात उरत नाही, आणि देवाने मन कठोर केलं म्हणजे एवढंच. हे मला पटतं. सही न करण्याची सवय लागलेले साहेब मी पाहिले आहेत.

पण फारोचा न्याय काही होवो, बाकीच्यांचं काय? ग्रंथात त्या रात्री मेलेल्यांची यादी आहे. सिंहासनावर बसलेल्याचा मुलगा, तसाच तुरुंगातल्या कैद्याचाही मुलगा. कैद्याने तर फारोला मतसुद्धा दिलं नव्हतं. आजीने ते पुस्तक कधी हातात धरलं नाही, पण त्यातल्या सगळ्यात अवघड ओळीवर तिने बोट ठेवलं होतं.

आणि मग समुद्र मिटला. मी टाळीसाठी हात उचलले होते, तेवढ्यात कन्या म्हणाली, “बाबा, घोड्यांचं काय?”

मी पडद्याकडे पाहिलं. घोडे होते. पुष्कळ होते.

“आणि राजा कुठंय?” तिचा दुसरा प्रश्न.

राजा काठावर होता. या चित्रपटात रामेसिस बुडत नाही. तो किनाऱ्यावर उभा राहून आपलं सैन्य बुडताना पाहतो, घरी जातो, सिंहासनावर बसतो आणि मोझेसचा देव हाच खरा देव अशी राणीजवळ कबुली देतो. बुडाले ते हुकुमाचे ताबेदार, पगारी माणसं आणि बिनपगारी जनावरं. ज्याने हुकूम दिला त्याची फक्त समजूत पटली. ती पटायला केवढा खर्च आला! आणखी एक गंमत म्हणजे यातलं बाहेरचं चित्रीकरण खरंच इजिप्तमध्ये झालं. पळून जाणाऱ्या इस्राएली लोकांची हजारोंची गर्दी तिथल्याच इजिप्तवासीयांची आणि पाठलागाचे रथ हाकायला तिथल्याच लष्करातले घोडेस्वार. म्हणजे तरणारे आणि बुडणारे एकाच देशाचे आणि एकाच रोजंदारीवरचे.

एवढं झाल्यावर मी टाळी न वाजवण्याच्या बाजूने एक छोटंसं भाषण केलं. ते आमच्या सौभाग्यवतीने फार वेळ चालू दिलं नाही.

“चारशे वर्षं चाबूक खाल्ला त्यांनी,” ती म्हणाली. “पोरं नदीत फेकली गेली त्यांची. त्यांनी एक टाळी वाजवली तर तुमचं काय बिघडलं? सोफ्यावर बसून चिवडा खाताना दया येणं सोपं असतं.”

लग्नाला वीस वर्षं होत आली की मुद्दा कुठला आणि टोमणा कुठला हे नवऱ्याला कळू लागतं. हा मुद्दा होता. जो सुटला त्याने गाऊ नये असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ग्रंथातही ते गातातच. मोझेसची बहीण मिर्याम डफ घेते, तिच्यामागे बायका नाचतात, आणि गाण्यात घोडा आणि स्वार समुद्रात गेल्याचा आनंद स्पष्ट आहे. त्यांच्या पाठीवरचे वळ अजून ओले होते. त्यांना घोड्यांबद्दल दोन मिनिटं शांतता पाळा असं सांगायला जाणारा माणूस एक तर संत असेल, नाही तर कधीच मार न खाल्लेला असेल. दुसऱ्या जातीचे जास्त असतात.

पण या गोष्टीला ज्यू लोकांनीच एक जोड दिलेली आहे. त्यांच्या तालमुद या प्राचीन ग्रंथात असं सांगितलंय की इजिप्तचं सैन्य बुडत होतं तेव्हा स्वर्गातले देवदूतही गायला निघाले. देवाने त्यांना तिथेच थांबवलं. आपल्याच हातांनी घडवलेली माणसं बुडताहेत आणि तुम्ही गाणी कसली म्हणता, अशा अर्थाचं त्यांना सुनावलं.

या गोष्टीचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की देवाने नेमकं कुणाला गप्प केलं ते पाहा. मिर्यामचा डफ काढून घेतला नाही. गप्प केलं ते देवदूतांना. त्यांनी विटा थापल्या नव्हत्या. चाबूक खाल्ला नव्हता. ते वरून, बाल्कनीतून बघत होते. ज्याचं काही पणाला लागलेलं नाही त्याने दुसऱ्याच्या बुडण्यावर फुकटची टाळी वाजवू नये, एवढाच तो दंडक. आमची सौभाग्यवती आणि देव यांचं या बाबतीत एकमत आहे, हे पाहून मला आश्चर्य वाटलं नाही. घरात तशी पद्धतच आहे. फरक एवढाच की सोफ्यावर बसून दया करू नये असं ती म्हणते आणि सोफ्यावर बसून टाळी वाजवू नये असं देव म्हणतो. सोफ्यावर बसून नेमकं काय करावं, हे दोघांनीही सांगितलेलं नाही.

आपल्याकडेही हे नाही असं नाही. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला विभीषण कचरतो, तेव्हा वाल्मीकींचा राम त्याला सांगतो की वैर मरणापाशी संपलं, आता तो तुझा तसाच माझाही. लंकेचं युद्ध ज्याच्या बायकोसाठी झालं तो हे म्हणतो. आपण दर दसऱ्याला फटाके भरलेल्या रावणापुढे पोराला खांद्यावर घेऊन उभे राहतो, तेव्हा हा प्रसंग बहुधा गर्दीमुळे दिसत नाही.

एवढं मोठं कशाला, ऑफिसातलीच गोष्ट घ्या. आमच्या शाखेत मागे एक साहेब होते. माणूस फारो नव्हता, पण गवत बंद करणाऱ्यांपैकी होता. एक दिवस त्यांची तडकाफडकी तीन राज्यं ओलांडून पलीकडे बदली झाली. तासाभरात पेढे आले. ज्यांचं साहेबांनी कधी काही वाकडं केलं नव्हतं ते सगळ्यात जास्त नाचत होते. कॅशवर एक बाई होत्या. त्यांच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी साहेबांनी रजा नाकारली होती. त्यांनी दोन पेढे घेतले, चवीने खाल्ले, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “बरं झालं, गेला एकदाचा.” मग नोटांची चळत मोजायला घेता घेता म्हणाल्या, “त्याची मुलगी बारावीला आहे ना हो? ऐन वर्षात कॉलेज कसं बदलणार ती?”

मला वाटतं या दोन वाक्यांत सगळा प्रश्न सुटतो. जमाखर्चाचा पहिला धडा असा आहे की जमा ती जमा, नावे ते नावे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहायच्या. परस्पर वजावट करून नुसती शिल्लक दाखवली तर ऑडिटर हरकत घेतो. मुलीची काळजी वाटते म्हणून पेढा परत ठेवायचा नाही, आणि पेढा गोड आहे म्हणून मुलगी खोडायची नाही. गुलाम सुटले, ही एक नोंद. घोडे बुडाले, ही दुसरी. पहिलीवर टाळी वाजवावी, अगदी कडकडून. पण दुसरी नोंद वहीत राहिली पाहिजे.

हे जमतं का? ज्यू लोकांनी जमवून दाखवलंय. इजिप्तमधून सुटल्याचा त्यांचा वल्हांडणाचा सण. त्या रात्री जेवणाआधी ‘हागादा’ नावाची पोथी वाचतात. ही पोथी काही आपल्याला परकी नाही. कोकणच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना गावोगाव ‘शनिवार तेली’ म्हणत, ते घरात मराठीच बोलत. आणि १८७४ साली खुद्द पुण्यात ही हागादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तर पोथीत दहा संकटांची नावं येतात तेव्हा प्रत्येक नावाला आपल्या पेल्यातल्या द्राक्षमद्याचा एकेक थेंब बोटाने काढून टाकायचा, अशी रीत आहे. तिचा एक अर्थ असा सांगतात की आपल्या सुटकेपायी दुसऱ्यांना दुःख झालं, म्हणून आपला आनंदाचा पेला तेवढा कमी भरलेला असावा.

मी हे वाचलं आणि कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला धन्य वाटलं. कारण ही आमचीच पद्धत आहे. बँकेला नफा झाला तरी तो सगळाच्या सगळा नफा म्हणून जाहीर करता येत नाही. आधी बुडीत कर्जांसाठी त्यातून रक्कम बाजूला काढावी लागते. तिला ‘तरतूद’ म्हणतात. तरतूद केल्याने बँक बुडत नाही. लाभांश मिळतो, बोनस मिळतो, साहेब हार घालून घेतात. फक्त ताळेबंद खरा होतो.

दहा थेंबांनी पेला रिकामा होत नाही. सण होतो, गाणी होतात, जेवण तर भरपूर होतं. एवढंच, की प्यायला उचलताना पेला काठोकाठ भरलेला नसतो. आणि पेला काठोकाठ भरलेला नसला की तो अंगावर सांडण्याची भीतीही कमी असते, हा एक व्यावहारिक फायदा आमच्या सौभाग्यवतीला विशेष पटला आहे. सोफ्याचं कव्हर नवीन आहे.